शेजारचं वायफाय आणि माझ्या वाट्या

कोपरला आमच्या घरात इंटरनेट एकच, माझ्या लेकाच्या फोनात. तो रिक्षा चालवतो, त्यामुळे सकाळी फोनही त्याच्याबरोबर जातो. नात नववीत. दर शनिवारी शाळा फोनवर चाचणी घ्यायची, अकरा ते बारा. बारा वाजले की ती आपोआप बंद! माझा जुना स्मार्टफोन होता, पण त्यात नेटचा रिचार्ज नव्हता, नुसते आलेले फोन घेता यायचे. तेव्हा समोरच्या घरातली सूनबाई आपणहून म्हणाली, "आजी, आमचं वायफाय वापरू दे तिला," आणि स्वतः पासवर्ड टाकूनही दिला.

आता फुकटचं कसं घ्यायचं, सांगा? चाचणी झाली की मी वाटीभर काहीतरी पाठवायची. कधी खीर, कधी अळूवडी. आणि आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, ही रीत तिच्याही घरी होतीच की. ती बिचारी घरून ऑफिसचं काम करणारी. आधी तिच्याकडून शिरा आला, मग बिस्किटं, मग नुसती साखर. पुढे वाट्याच येईनाशा झाल्या. मी आपली पाठवतेच आहे!

एका शनिवारी नात म्हणाली, "आजी, पासवर्ड चुकीचा दाखवतोय."

"नीट टाक."

"तीनदा टाकला. बदललाय त्यांनी. तू वाट्या पाठवून पाठवून पिडलंस त्यांना!"

खरं सांगते, मी दारातच खिळले. काही घेऊन जावं तर ती वैतागणार, आणि मोकळ्या हाताने मागायला जीभ रेटेना. साडेअकरा झाले. शेवटी नातीनेच बेल दाबली.

सूनबाईने दार उघडलं, कानाला हेडफोन. आम्ही बोलायच्या आत ती आत गेली आणि धुतलेल्या चार वाट्या आणून माझ्या हातात ठेवल्या. हळूच म्हणाली, "रागावू नका हं आजी. भरून द्यायला वेळच होत नाही हो मला. आता नका पाठवू."

"नाही पाठवत," मी म्हटलं. वाट्या एकात एक घातल्या.

नातच म्हणाली, "काकू, पासवर्ड बदललाय का?"

"अगं हो, काल ह्यांनी बदलला. मलाही पाठ नाही. मीटिंग संपली की विचारून देते."

दार लागलं. आम्ही दोघी जिन्यात बसून राहिलो. पुन्हा बेल वाजवायची सोय नव्हती. ती कामात, आणि वायफाय तिचं. गणिताची चाचणी होती, पोरीने आठवडाभर गणितं सोडवलेली. बारा वाजले. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

साडेबाराला सूनबाई चिठ्ठी घेऊन धावत आली. "घे गं. कधी आहे चाचणी?"

नात माझ्याकडे बघायला लागली. खरं सांगावं तर सूनबाईच्या मनाला लागणार, आणि तिला लागलं तर पुढच्या वेळी कुणाच्या दारात जायचं?

"पुढच्या शनिवारी," मीच बोलले.

"मग वेळ आहे की!"

मी नातीला कोपराने ढोसलं. "थँक्यू म्हण काकूंना."

"थँक्यू काकू," ती म्हणाली आणि मान वर न करता पासवर्ड टाकायला लागली.