सरांची तिरपी काडी

हसाचं असन तं आताच हसून घ्या, नाई तं चहा नाकातून येईन!

आमच्या गावात लगीन कोणाचंबी असो, मांडवाची पहिली मेढ रोवली का मले हाक येतेच, “बाई, सरळ आहे का पाहून द्या!” ओळंबा नको, काही नको. माही नजर पडली का खांब सरळ! त्याच नजरेनं नातीचे मार्क बुडवत होती मी.

नात म्हणजे पल्लवी. चंद्रपूरले इंजिनेरीले आहे. सुट्टीत आलापल्लीपलीकडं आमच्या गावी आली, तं संग एक फळी. फळीवर चिकणमातीचा गोळा, त्यात एक लाल काडी खोचलेली. तिरपी!

“हे काय वं?”

“गणिताचं मॉडेल, आजी. लाल काडी सरांनी देली. आता दोन काड्या मी अशा लावाच्या, का तिन्हींचा एकमेकींशी काटकोन झाला पाहिजे.”

“घराच्या कोपऱ्यात दोन भिती आन् जमीन भेटते, तसं?”

“वा आजी! तसंच. उद्या दाखवाचं आहे. मार्क आहेत त्याचे.”

तिनं हिशोब करून दोन बांबूच्या काड्या खोचल्या. “उठून पक्क्या करते,” मनली आन् झोपली. मी पाहते तं काय, तिन्ही काड्या तिरप्या! जशा काही मोहाची पिऊन उभ्या राह्यल्या. आता तुम्हीच सांगा, माह्या घरातून असा खांब बाहेर जाऊ द्याचा?

तेवढ्यात शेजारचे डोमाभाऊ आले. “बाई, हा मांडव कोणाचा?”

“आमच्या पल्लवीचा.”

“अरे बापा! पाव्हणे दबून मरतीन!”

झालं! मी लाल काडी उपटली, ताठ उभी केली. बाकीच्या दोन फळीवर आडव्या, एक उगवतीकडं, एक उत्तरेकडं. वरून धावड्याचा डिंक ओतला आन् फळी उन्हात ठेवली. तो डिंक वाळला का हत्तीनंबी निघत नाई.

पल्लवी उठली. फळी पाह्यली. 

“आजी! लाल काडी काऊन सरळ केली?”

“पडाले आली होती ना!”

“सरांनी तिरपीच देली होती! तिले हात लावाचाच नाई. बाकीच्या दोन तिच्या हिशोबानं लावाच्या!”

“पण काटकोन तं आहे ना तिन्हींचा?”

“आहे वं! पण सरांची काडी कुठी आहे?”

मी ओढलं, डोमाभाऊनं ओढलं. अख्खी फळी उचलली गेली, पण काडी हालंन तं शप्पथ! इकडं गाडीची वेळ झाली, पोट्टी रडकुंडीले आली. 

अन् एकदम पल्लवी ओरडली, “भाऊ, तसंच धरा!”

डोमाभाऊच्या हातात फळी एका बाजूनं वर झाली होती.

“पाहा ना! फळी तिरपी केली तं लाल काडी सरांनी देली तशीच झुकते. बाकीच्या दोन तिच्यासंगच फिरतात. काटकोन मोडतच नाई!”

डोमाभाऊनं सागाची ढलपी तासली, फळीखाली ठोकली. पोट्टी पळत सुटली गाडीले.

दुसऱ्या दिवशी फोन आला. पूरे मार्क! मी अशी फुगली मनता!

“सर काही मनले का वं माह्या कामाले?”

“मनले ना. पुसलं, काड्या सोडून अख्खी फळीच काऊन वाकवली?”

“मंग तू काय सांगतलं?”

“मनलं, सर, आजीले वाकवता येत नाई!”