स्वप्नातल्या धर्मगुरूचे दात

सदर इसम पुरुष असून वय चोपन्न. बांधा किरकोळ. रंग, प्लास्टरची भुकटी झटकल्यास, सावळा. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर तापलेल्या मेणाचा डाग. व्यवसाय: कवळ्या बनविणे. स्थावर मालमत्ता: नाही. राहता पत्ता: थोरल्या बहिणीचे घर. वर्तणूक समाधानकारक. धर्माविषयी आदर बाळगतो. धर्मगुरूंशी असलेला संबंध केवळ व्यावसायिक स्वरूपाचा. सदर इसमास स्वप्ने पडत नाहीत.

ही शेवटची नोंद कुणाला फालतू वाटेल, पण त्या वस्तीत स्वप्नं न पडणारा माणूस जरा संशयितच. दर आठवड्याला प्रार्थना संपली की धर्मगुरू स्वप्नांचा तास घ्यायचे. ज्याच्या स्वप्नात धर्मगुरू आले असतील त्याने उभं राहून सांगायचं आणि त्यांनी अर्थ लावायचा. धर्मगुरू स्वप्नात काही देताना दिसले, तर कृपा झाली, परतफेड करावी. मागताना दिसले, तर मागितलेलं देऊन टाकावं. पाठमोरे दिसले, तर नाराज आहेत. काहीतरी देऊन समजूत काढावी. नुसतेच उभे दिसले, तर माणसाने आपल्या मनाला विचारावं की आपण काय द्यायचं विसरलो. नदी कुठूनही निघो, समुद्र ठरलेला.

तसं धर्मपुरुष स्वप्नात येणं ही परंपरा जुनीच. जुन्या कथांतले असे पुरुष राजाला लढाईतून मागे फिरवत, बापाला लेकापुढे मान झुकवायला लावत, सावकाराची झोप उडवत. त्यांच्यापैकी कुणी खोली बघून ठेवायला आल्याचं ऐकिवात नाही.

आक्काच्या स्वप्नात मात्र आले.

"पांढराशुभ्र झगा," आक्का सकाळी भांडी विसळताना म्हणाली. "तुझ्या पुढच्या खोलीत उभे. खिडकीकडे बोट केलं, म्हणाले, इथे. आणि हसले. काय दात रे बाळ! मोत्याची माळ. सत्तरी ओलांडली तरी एक दात पडलेला नाही. याला म्हणतात आचरण."

कवळीवाल्याने चहाचा घोट तोंडातच धरला. ती मोत्याची माळ गेले चार दिवस त्याच्या खिडकीत, पाण्याच्या वाटीत पडली होती. खालची कवळी मधोमध तडकली होती. ती सांधण्याआधी त्याने नेहमीप्रमाणे घासली, आणि नेहमीप्रमाणेच नाकाला फडकं बांधून. दुनियेच्या तोंडातलं काढण्यात त्याचा जन्म गेला होता, पण हे तोंड वेगळंच. मागच्या दाढांखाली पिवळट थर, त्यात अडकलेले कसले कसले तंतू, आणि वास असा की खिडकी उघडली तर शेजारीण आपली खिडकी लावून घेई. आचरण तेवढं सापडलं नव्हतं.

पण बोलायची सोय नव्हती. कवळीवाल्याच्या धंद्यात एकच नियम: कुणाचे दात ते सांगायचं नाही. डबीवर नाव नसतं, खूण असते. नवऱ्याला ठाऊक नसलेली बायकोची कवळी त्याच्याकडे होती, आणि बायकोला ठाऊक नसलेली नवऱ्याचीही. धर्मगुरू दंतवैद्याकडे जात नसत. तिथे बाकावर बसावं लागतं आणि बाकावर भक्त असतात. ते आक्का बाजारात गेल्याची खात्री करून मागच्या दाराने येत, रुमालात बांधलेलं ते ओलं गाठोडं कवळीवाल्याच्या तळहातावर ठेवत आणि बोळक्या तोंडाने आशीर्वाद पुटपुटत. आशीर्वादाचे थेंब उडत. तो शर्टाला हात पुसत असे.

"स्वप्नातल्या खोलीचं काय मनावर घ्यायचं," तो एवढंच म्हणाला.

"मी मागच्या तासालाच विचारलं त्यांना. म्हणाले, अर्थ सरळ आहे. ती खोली प्रार्थनागृहाची. भेटीगाठीला येणाऱ्यांसाठी बसतील तिथे."

"आणि मी कुठे बसू?"

"मागची खोली आहे की."

मागच्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागे. दातांचा रंग दिव्यात जुळत नाही. पिवळा पांढरा दिसतो आणि पांढरा निळा. त्या खोलीत काम म्हणजे महिन्याभरात सगळे दंतवैद्य दुसरीकडे डब्या पाठवणार. हे त्याने सांगितलं, आवाज न चढवता.

"देवाच्या कामात तुझं रंग-बिंग काढू नकोस."

"देवाचं काम की त्यांचं?"

"बाळ!"

आई गेली तेव्हा तो पाळण्यात होता आणि आक्का परकरात. तिने त्याला भरवलं, धुतलं, मारलं, शिकवलं. स्वतःचं लग्न होईल-होईल म्हणत राहूनच गेलं. घर बापाने तिच्या नावावर केलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्याला झाला होता. अशा माणसाशी खिडकीवरून भांडायचं कसं? आपलेच दात, आपलेच ओठ.

मग त्याने एक हलकट गोष्ट केली. पुढच्या तासाला उभा राहून तो खोटं बोलला. म्हणाला, मलाही स्वप्न पडलं. धर्मगुरू आले, खोली बघितली आणि म्हणाले, मला नको.

सभागृहात कुजबुज झाली. स्वप्नं न पडणाऱ्याला स्वप्न पडलं होतं. धर्मगुरूंनी डोळे मिटले. त्यांना खोटं कळलं होतं की नाही कोण जाणे. त्यांच्या कामात त्याने काही अडत नव्हतं.

"धर्मगुरू नको म्हणताना दिसले," ते म्हणाले, "तर ती देणाऱ्याची परीक्षा. आग्रह करून द्यावं."

आक्काचे डोळे भरून आले. घरी येताना ती त्याच्या दंडाला धरून चालली. "तुलासुद्धा दर्शन दिलं रे," म्हणाली. त्याला धर्मगुरूंची किळस होतीच. त्या संध्याकाळी किळसेत स्वतःचीही मिसळली. कुणाची किती हे वेगळं काढता येईना.

खोली बघायला धर्मगुरू पुढच्या दाराने आले, झग्याला इस्त्री करून. सांधलेली कवळी मधे पुन्हा तडकली होती, ती दुसऱ्यांदा सांधून त्यांनी आदल्याच दिवशी नेली होती. नेताना कवळीवाल्याने बजावलं होतं, सांधा ताजा आहे, पकड सैल आहे, चिकट काही खाऊ नका. धर्मगुरूंनी मान हलवली होती. मान हलवण्याची त्यांना सवय होती.

ते खोलीभर फिरले. फळीवरचे प्लास्टरचे जबडे त्यांनी बोटाने मागे सारले. त्यांत त्यांचा स्वतःचाही होता. "हे सगळं निघेल ना?" त्यांनी विचारलं. पडदे बदलायला सांगितले. पॉलिशच्या चाकाकडे बघून नाक मुरडलं, म्हणाले, "घाण फार उडत असेल."

"हो," कवळीवाला म्हणाला. "तुमच्यासारख्यांची."

"म्हणजे?"

"म्हणजे थोरामोठ्यांची. गिऱ्हाइकं मोठी आहेत."

तेवढ्यात आक्का ताटली घेऊन आली. पहाटेपासून ढवळून तिने साखर आटवून वड्या केल्या होत्या, तिच्या पद्धतीच्या: दाताला धरल्या की सोडत नाहीत. लहानपणी याच वडीने कवळीवाल्याचे दुधाचे दात पाडले होते. धर्मगुरूंनी सगळ्यात मोठी उचलली.

कवळीवाल्याने ते पाहिलं. त्याच्या जिभेवर "नको" हा शब्द अगदी तयार होता. पण नको म्हणावं तर का, हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायचं नाही हा तर धंद्याचा नियम. इतकी वर्षं तो नियम त्याने पाळला होता. त्याही वेळी पाळला. इतक्या मनापासून मात्र आयुष्यात कधी पाळला नव्हता.

धर्मगुरूंनी वडी चावली. दुसऱ्यांदा चावली. मग चावेनात. जबडा अडकल्यासारखा हलला, गालफडं आत गेली, आणि त्यांनी दोन बोटं घालून वडी ओढली. वडीबरोबर खालची अख्खी कवळी बाहेर आली, गुलाबी, ओली, लाळेच्या तारेने अजून ओठाशी जोडलेली.

आक्काच्या हातातली ताटली कलली.

लाजतील असं कवळीवाल्याला वाटलं होतं. पण लाज ज्याला असते त्यालाच वाटते. धर्मगुरूंनी कवळीवरची साखर आधी चाटून घेतली, कारण ती गोड होती. मग आक्काने त्या दिवसासाठी घातलेल्या पांढऱ्या टेबलपोसाच्या कोपऱ्याने ती पुसली, तोंडात बसवली, जिभेने टकटक करून पाहिली, आणि म्हणाले, "तर खुर्ची खिडकीपाशी. पुढे टेबल दुसरं बघा, हे डगमगतं."

ते गेल्यावर आक्काने टेबलपोस चिमटीत धरून उचलला आणि धुवायला नाही, केराच्या डब्यात टाकला. मग बराच वेळ हात धूत राहिली.

"तुला माहीत होतं," ती पाठमोरी म्हणाली.

"कुणाचे दात ते मी सांगत नाही."

"वडी कसली आहे हे तरी सांगायचंस त्यांना!"

"त्यांनी विचारलं नाही."

पुढच्या तासाला आक्का उभी राहिली. सगळे वळले, खोली देणारी बाई म्हणून तिचं वजन वाढलं होतं.

"स्वप्नात धर्मगुरू पुन्हा आले," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "खोलीबद्दलच काहीतरी सांगत होते. पण तोंडात एक दात नव्हता. नुसतं बोळकं. शब्द कळेना. मी म्हटलं, पुन्हा सांगा. तर नुसतेच थेंब उडाले. न कळलेली आज्ञा मी पाळू कशी? धर्मगुरू बिनदातांचे दिसले तर त्याचा अर्थ काय, तेवढा सांगा."

पुढच्या रांगेतल्या शिंपिणीला हसू फुटलं. तिने पदर तोंडात कोंबला. धर्मगुरूंनी उत्तर द्यायला ओठ उघडले, आणि पाहिलं, की सभागृहातला प्रत्येक जण त्यांच्या डोळ्यांकडे नव्हे, त्यांच्या जरा खाली बघतो आहे. त्यांनी ओठ मिटले. अर्थ सांगितलाच नाही. तास लवकर संपला.

"आक्का," रस्त्यात कवळीवाला म्हणाला, "खरंच पडलं का गं स्वप्न?"

"तुला पडलं होतं तसंच पडलं," ती म्हणाली, आणि त्याचा दंड न धरता पुढे चालू लागली.

पुढची खोली त्याच्याकडेच राहिली. धर्मगुरूंचा तास चालूच आहे. त्यांची कवळी तडकतेही आणि मागच्या दाराने येतेही. तो ती घासतो, सांधतो आणि कुणाला सांगत नाही. खिडकीत ऊन आलं, कामात डुलकी लागली, की हल्ली त्याला स्वप्न पडतं: धर्मगुरू येतात आणि काही न बोलता तोंड उघडतात. तो उठतो आणि हात धुतो.