कच्चा टाका

महबूबचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडात, त्यांनीच शिवलेल्या गादीवर बसून एका सभेचं पत्रक लिहीत होते. फोनवर त्यांचा मुलगा सलीम होता. "अब्बा गेले, ताई. फजरच्या नमाजाला उठले, वजू करायला स्टूल ओढलं आणि..." हृदयविकाराचा झटका होता. मला मात्र ते स्टूलच दिसत राहिलं. जन्मभर जमिनीवर बसून काम केलेल्या माणसाला शेवटी स्टुलावर यावं लागलं, आणि त्या स्टुलाचा त्यांना किती राग होता हे लातुरात आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

माझ्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, छोटा छापखाना आणि चाचांचं गाद्यांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत. इकडे मोर्चाची पत्रकं सुकायची, तिकडे कापूस उडायचा. ओल्या शाईला कापूस चिकटला की दादा ओरडायचे आणि चाचा पलीकडून म्हणायचे, "तुमचं इन्किलाब जरा मऊ होऊन राहिलंय, त्यात काय बिघडलं?" भूकंप झाला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. ते दोघं मिळेल त्या गाडीने ढिगारे उपसायला गेले. तिथे एक दगड घसरून चाचांच्या उजव्या गुडघ्यावर आला. त्यांनी फडकं बांधलं, आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्यांसाठी गाद्या भरत बसले... एक पाय मुडपून, दुसऱ्याने गादीची कड दाबून. पुढे शिकवण्यांचं पेव फुटलं. मुरुडपासून किनवटपर्यंतची पोरं लातुरात आली, घराघरात होस्टेल निघालं आणि लोखंडी कॉटांवर चाचांच्या गाद्या गेल्या. त्यांची एक रीत होती. गादीचे तीन कोपरे ते पक्के शिवायचे, चौथ्याला कच्चा टाका घालायचे. दोरा ओढला की कोपरा उघडायचा. "गादी दबनारच की," ते म्हणायचे. "उघडायची, कापूस पिंजायचा, परत भरायची. गादी मरत न्हाई, पोरी."

गुडघा जिना चढू देईना तेव्हा एक्स-रे काढला. हाडांमधली फट ठीकठाक दिसली. गाद्यांची ऑर्डर देणाऱ्या ठेकेदाराने तो फोटो उजेडात धरून निकाल दिला, "चाचा, हाडं तर नवरदेवासारखी हायेत! काम टाळायचं हाय का?" त्या वाक्याची मला आजही चीड येते. कष्टकऱ्याचं दुखणं फोटोत दिसलं नाही की ते खोटं, हे ठरवायचा अधिकार यांना दिला कुणी? मी भांडून चाचांना एमआरआयला नेलं. अंगावरचं लोखंड काढा म्हटल्यावर त्यांनी कॉलरमध्ये खोचलेली सुई माझ्या हातात दिली. त्या सुईशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. यंत्राची धडधड ऐकून बाहेर आले ते हसतच. "आत कुनीतरी धनुकलीनं कापूस पिंजून राहिलंय गं!"

डॉक्टर तरुण होते, लातुरातल्याच शिकवण्यांमधून पुढे गेलेले. "कोन्त्या होस्टेलात होते सायेब?" त्यांनी नाव सांगितलं. "म्हंजे माझ्याच गादीवर झोपून डाक्टर झाले तुमी." डॉक्टरही हसले, मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, हाडावरची कूर्चा दिसत नाही, इथे ती दिसते. हाडाच्या टोकावरची करडी पट्टी एका बाजूला पातळ आणि खरबरीत झाली होती. "ही गुडघ्यातली गादी, चाचा. झिजली आहे." चाचांचा चेहरा उजळला. त्यांच्या दुखण्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या धंद्याच्या भाषेत बोलत होतं. "झिजली ना? मंग भरा की!" डॉक्टर म्हणाले, ही भरता येत नाही. उरलीय ती जपायची. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायांचे व्यायाम करायचे. वर्षाने पुन्हा हीच तपासणी करून झीज किती पुढे गेली ते ताडून पाहू. चाचांनी मान डोलावली. बाहेर येताच म्हणाले, "पोरगं हुशार हाय. पन त्येला कच्चा टाका घावला न्हाई."

तिथेच सगळं बिनसलं. जूनमध्ये होस्टेलं भरू लागली. सलीमने उंच टेबल आणलं, स्टूल आणलं. चाचांनी दोन्हीवर कापसाची पोती ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसले. मी भांडले, दादा भांडले. "गादीच हाय ना? भरू कवातरी." त्या शब्दाने घात केला असं मला वाटत राहतं. शब्द सोपा होता आणि खोटाही नव्हता. पण एका गादीवाल्याला तो सांगायचा म्हणजे... दुसरा कुठला शब्द होता आपल्याकडे? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. शब्दाने माणूस उठतो हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. शब्दावर विसंबून माणूस असा बसून राहतो, हे चाचांनी दाखवलं.

वर्षाने दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी लावली. पहिल्यात पातळ असलेली पट्टी दुसऱ्यात एका जागी नव्हतीच. हाड उघडं पडलं होतं, आतही सूज दिसत होती. चाचांनी पडद्यावर त्या जागी बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "हितं तर खोळच फाटली की." दुसऱ्या दिवशी टेबल-स्टुलावरची पोती त्यांनी स्वतः उतरवली आणि स्टुलावर बसले. नमाजही खुर्चीवर बसून पढू लागले. ठेकेदाराने तोवर फोमच्या गाद्या आणल्या होत्या. मला नांदेडात नोकरी लागली तेव्हा त्या टेबलावर त्यांनी माझ्यासाठी एक गादी शिवून पाठवली. तीच त्यांची शेवटची.

परवा ती उन्हात टाकली. कापूस एका अंगाला दबलाय. पिंजून परत भरून घ्यावी म्हणून मी दोरा ओढायला कोपरा चाचपला. मग दुसरा, तिसरा... चौथ्याशी बोटं थांबली.

चारही कोपरे पक्के शिवलेले होते.