डाव्या बाहीची शिवण

टाचणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडात सदा चार टाचण्या, अंगाने तशीच सडसडीत आणि बोलली की टोचणार, म्हणून गल्लीने ठेवलेलं. बायकांचे झगे शिवून ती पोट भरायची. एक खोली, एक मशीन, खिडकीपाशी खुर्ची. वय बेचाळीस, लग्न नाही.

पस्तिशीपर्यंत तिने देवाकडे नवरा मागितला. अगदी नेमाने, रोज सकाळी मशीनला तेल घालण्याआधी. मग एके दिवशी 'आमेन' म्हटल्यावर लक्षात आलं, अरेच्चा, आज मागायचंच राहिलं! दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिला हसूच आलं. प्रभूशी बोलायला इतर पुष्कळ होतं. मनासारखं उठावं, बेसूर गीतं म्हणावीत, पातेल्यातूनच जेवावं. ती सुखात होती हो, खरंच सुखात. पण एकट्या बाईचं सुख लोकांच्या पचनी पडेल तर शपथ!

"वन्सं, मागल्या थंडीत तीन दिवस तापाने पडून होतात," भावजय म्हणाली. "गेला असतात तर आम्हाला वासावरून कळलं असतं."

भावजयीची जीभ ही अशी. पण हे वाक्य टाचणीबाईच्या मनात घर करून बसलं. त्यात पाळकसाहेब म्हणाले, "एकटेपणाचाही गर्व होतो बरं का." आपलं समाधान म्हणजे नुसता गर्व तर नाही? या धास्तीने तिने कुलूपवाल्याला होकार दिला.

कुलूपवाला विधुर. चौकात त्याचं कुलपांचं दुकान, चर्चमध्ये शास्त्रवाचन त्याच्याकडे. आवाज कसा मधासारखा. त्याने पहिलं काय केलं असेल, तर तिच्या दाराला नवं कुलूप बसवून दिलं. दोन किल्ल्यांपैकी एक तिच्या हातावर ठेवली, दुसरी आपल्या खिशात टाकली.

"राहू दे माझ्याकडे," तो म्हणाला. "तुमच्या काळजीपोटी."

त्या रात्रीपासून ती दाराला खुर्ची लावून झोपू लागली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चर्चमध्ये लग्नाची घोषणा तीन रविवार होते. दोन झाल्या. तिसऱ्या आठवड्यात तो एक सुटकेस घेऊन आला. आत सहा झगे, त्याच्या वारलेल्या बायकोचे.

"चांगलं कापड वाया कशाला घालवायचं? तुमच्या मापाचे करून घ्या. लग्नानंतर हेच घालत जा."

तो गेल्यावर तिने निळ्या झग्याला काखेत पांढरा कच्चा टाका घातला आणि बाही उलटी केली. शिवण बघायची तर उलट्या बाजूने, हे तिच्या हातात भिनलेलं. डाव्या खांद्यावर, मागच्या अंगाला, शिवण फाटून हाताने पुन्हा घातलेली. फाटते एखादी. तिने दुसरा झगा उलटला. तिथेही डावा खांदाच. तिसरा, चौथा. सहाही झगे उलटून झाले तेव्हा तिच्या तोंडातल्या टाचण्या जमिनीवर पडल्या.

कामाने झिजलेली शिवण काखेत सुटते. खांद्यावर मागून फाटते ती कुणी मागून ओढल्यावर. जुन्या झग्यांच्या बाह्या आखूड होत्या. पुढच्यांना मनगटापर्यंत कापड जोडलेलं, शेवटच्याची कॉलर हनुवटीपर्यंत चढवलेली. टाके बारीक, सरळ. बिचारी किती नीट शिवत होती! टाचणीबाई झगे मांडीवर घेऊन, कधी न पाहिलेल्या त्या बाईसाठी रडली.

रविवारी पाळकसाहेबांनी तिसरी घोषणा केली. "या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्याने आताच सांगावं." यावर आजवर कुणी काही बोललं नव्हतं. लोक तेवढ्यात गीतांचं पान शोधत.

"माझी आहे," टाचणीबाई उभी राहिली.

"तुमची? अहो, वधू तुम्हीच आहात!"

"म्हणूनच."

"कारण?"

कुलूपवाला तिच्याकडे बघून शांतपणे हसत होता. दोऱ्याच्या चार टाक्यांवर कोण विश्वास ठेवणार?

"माझं मन नाही," एवढंच ती म्हणाली.

बाहेर त्याने तिला गाठलं. "कपडे उलटे करून बघायची खोड फार वाईट," तो हळूच म्हणाला. दुसऱ्या दिवशी येऊन सुटकेस परत घेतली, किल्ली काही दिली नाही. तिने सुताराकडून ते कुलूप उपटवलं आणि आतून जाड कडी बसवून घेतली.

भावजय महिनाभर बोलली नाही. खोली पुन्हा तिची झाली, गीतंही आली. पण सकाळी प्रार्थनेला बसलं की मन त्या सहा झग्यांपाशीच जायचं. आपण सुटलो, पण तोंड मिटूनच सुटलो, हे तिला ठाऊक होतं.

चार महिन्यांनी दारावर टकटक झाली. पलीकडच्या वस्तीतली एक नर्स, तिशीची, हसरी. पिशवीतून झगा काढत म्हणाली, "लग्न ठरलंय माझं. हा जरा कमरेत घेऊन द्याल? त्यांना सांगू नका हं. या बाईकडे जाऊ नकोस, तिच्या हातात खोट आहे, असं म्हणाले होते. पण मैत्रीण म्हणाली, शिवावं तर तुमच्याकडेच."

निळा झगा. काखेत तिचाच पांढरा कच्चा टाका.

टाचणीबाईने उठून कडी लावली, नर्सला खिडकीपाशी बसवलं, बाही उलटी केली आणि नर्सचं बोट धरून त्या शिवणीवर ठेवलं. मग जे चर्चमध्ये बोलायचं राहिलं होतं ते सगळं सांगितलं, सहाही झग्यांचं, किल्लीचं.

नर्स हसायला गेली. पण हसू अर्ध्यातच थांबलं, आणि तिचा उजवा हात आपसूक स्वतःच्या डाव्या खांद्यावर गेला.

"कितवी घोषणा?" टाचणीबाईने विचारलं.

"या रविवारी तिसरी, आमच्या वस्तीतल्या चर्चमध्ये," नर्स कसंबसं म्हणाली.

"मी येते तुझ्याबरोबर. झगा इथेच ठेव, तोही नेऊ. या वेळी कारण विचारलं की मी सांगते."