खांदा कॉलनीतला अमेरिकन गाड्यांचा मिस्त्री

जगनसारखा हट्टी माणूस अख्ख्या पनवेलमध्ये सापडणार नाही. मी काशिराम, खांदा कॉलनीत त्याच्या गॅरेजला लागून माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तो ज्या अमेरिकन कंपनीच्या गाड्या दुरुस्त करतो, तिनं देशातून गाशा गुंडाळला, तेव्हाच मी म्हटलं होतं, "बाबा रे, आता जपानी गाड्या धर. लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे." तर हा म्हणतो, "लोक काय पन बोलतात. या छोट्या गाडीचा दरवाजा लावून बघ, आवाज आयक!" आणि उरणपासून तळोज्यापर्यंतच्या तसल्या गाड्या त्याच्याकडेच येत राहिल्या.

परवा मात्र अंगाशी आलं. करंजाड्याच्या विनिता मॅडमनी आदल्याच दिवशी त्याच्याकडून गाडीचा पाण्याचा पाइप बदलून घेतला होता. सकाळी वडिलांना, दिनानाथकाकांना, घेऊन निघाल्या आणि भर हायवेवर बोनेटमधून वाफेचा लोट. गाडी ठप्प. हृदयाचा पेशंट तासभर उन्हात, शेवटी चक्कर येऊन पडला.

दुपारी टोइंगवाल्यानं गाडी गॅरेजसमोर सोडली. मागोमाग मॅडमचा भाऊ प्रणित आला, डोळे लाल. "बाबा आयसीयूत आहेत! किती वेळा सांगितलं ताईला, ही अमेरिकन डबडी विक. जपानी असती तर पोचले असते." जमलेली माणसं लगेच माना डोलवायला लागली. खरं सांगू, मला हायसं वाटलं. शिव्या गाडीला बसत होत्या, जगनला नाही.

जगननं बोनेट उघडलं. मीही वाकून पाहिलं. पाइपची क्लिप आवळून झाली की तो तिच्यावर बायकोच्या, गोदूवहिनीच्या, नेलपॉलिशचा लाल ठिपका देतो, ही त्याची पद्धत. बाकी सगळीकडे ठिपके होते. नव्या पाइपच्या खालच्या क्लिपवर नव्हता, आणि पाइप तिथूनच निसटला होता.

ठिपक्याचं फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक. मी त्याचं कोपर दाबलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. गप बस." नुसतं "हां साहेब" म्हणायचं होतं, बस्स.

जगनला दरदरून घाम फुटला होता. मग म्हणाला, "गाडी चांगली हाय, साहेब. क्लिप मीच आवलायला इसरलो."

प्रणितनं त्याची कॉलरच धरली. मी मध्ये पडलो म्हणून एकच थप्पड बसली. जगननं हातसुद्धा वर केला नाही.

संध्याकाळी काका शुद्धीवर आल्याचा निरोप आला. पण तोवर तीन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या परत घेऊन गेली होती. माझं डोकं फिरलं. "अरे मूर्खा, गाडीवर ढकललं असतं तर कोणाचं काय गेलं असतं?"

"जपानी बंद पडली का मिस्त्रीला धरतात, अमेरिकन पडली का गाडीला," जगन म्हणाला. "पंधरा वरसं याच्यावरून भांडतोय मी. आज मीच तसं बोलू?"

गेल्या वर्षी माझ्या दुकानातला डुप्लिकेट बेल्ट तुटून एकाची गाडी घाटात बंद पडली होती, आणि मी त्याला सांगितलं होतं, "अमेरिकन गाडी, असं व्हायचंच." तेव्हा जगन गाडीच्या बाजूनं माझ्याशी भांडला होता. मी हसलो होतो.