रस्ता माझाच होता

वयाच्या पंचेचाळिशीत मी सायकल शिकले, ती काही हौसेनं नाही. कापड्याहून पोलादपूरला शिवणाच्या दुकानात वेळेवर पोचायला रिक्षा मिळेना आणि माझ्या लेकीची, अक्षदाची, सायकल पडवीत गंजत होती. ती मुंबईला नोकरीला. शिकताना मी दोनदा भाताच्या खाचरात गेले.

गेल्या वर्षी बाजाराच्या फाट्यावर नवे पट्टे मारले. बाजूच्या रस्त्याच्या तोंडाशी पांढरी तुटक रेघ आणि उलटा त्रिकोण. मी अक्षदाला फोटो पाठवला. ती तेव्हा गाडी शिकत होती. तिनं सांगितलं, त्या बाजूनं येणाऱ्यानं थांबायचं आणि सरळ जाणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सायकलवाल्यालासुद्धा.

हे कळल्यापासून मी दुकानात कुणाला सुखानं ब्लाउज शिवू दिला नाही. आमच्या मालकीणबाई राहीबाई, त्यांना कापडावरच्या खडूनं टेबलावर फाटा काढून समजावला. एका टेम्पोवाल्याला फाट्यावर थांबवून रस्त्यावरचा त्रिकोण दाखवला. त्यानं वाकून बघितलं आणि छान काढलाय म्हणाला.

एवढं सांगूनही फाटा आला की सरळ रस्त्यानं जाणारी मी स्वतः मात्र ब्रेक दाबून पाय टेकायची. तशीही माझ्यासाठी कुणी गाडी थांबवत नव्हतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग एका सकाळी एसटी खरंच रेघेपाशी थांबली. मी सवयीनं पाय टेकला. ड्रायव्हरनं हातानं ‘जा’ म्हणून खुणावलं. मीही त्याला खुणावलं. त्यानं पुन्हा, मीही पुन्हा. बसमागे जीप येऊन उभी राहिली, खिडक्यांतून माणसं डोकावली. एवढ्या लोकांसमोर आधी कुठला पाय मारायचा तेच मला आठवेना. शेवटी ड्रायव्हर बाहेर वाकून शांतपणे म्हणाला, “काकी, रस्ता तुमचा हाय. तुम्ही गेल्याबिगर मला जाता येत नाय.”

मी पॅडल मारलं आणि चेन पडली. मग माझ्या हक्काच्या रस्त्यावरून मी सायकल ढकलत पुढे गेले. बसमधून कुणीतरी टाळी वाजवली. ती कौतुकाची होती असं मी धरून चालले आहे.

तो ड्रायव्हर पाचाडचा, चांगू नावाचा. अजूनही रोज थांबतो. मी आता पाय टेकत नाही, पण मान खाली घालून अशी सुसाट जाते की त्याच्याकडे बघायचंही राहून जातं. परवा बाजारात भेटला तेव्हा मी एकदाचे आभार मानले. तो म्हणाला, “हल्ली लवकर जाता. गाडी टायमात असते.”