साडूच्या मोटारसायकलवरची मागची सीट

उभ्या पालघर जिल्ह्यात हेवा वाटावा असा एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. परका असता तर तोंड फिरवता आलं असतं. साडूच्या बाबतीत ती सोय नसते. सासरा एक, सासू एक, लग्नकार्यात पंगतही एकच. त्याच्या पानात काय पडलं ते आपल्याला दिसतंच. आणि त्याच्या पानात नेहमी जास्तच पडतं. मी साताऱ्याकडचा, बोईसरला कारखान्यात नोकरीला आलो आणि इथलाच जावई झालो. तो उमरोळीचा, घरच्या भाजीच्या वाडीत राबणारा. आयुष्यभर उन्हात उभा राहूनही त्याचे केस जागच्या जागी आहेत, आणि मी पंख्याखाली बसून बसून टक्कल मिळवलं.

त्याची खरी कीर्ती आहे ती मोटारसायकलवर सामान बांधण्याची. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून तो सीटखाली ठेवतो आणि त्यांच्या जोरावर काहीही नेतो. केळीचे घड, खताच्या गोण्या, एकदा तर आरशासकट कपाटाचं दार. त्या दिवशी मागून येणाऱ्या सगळ्यांनी आपापला भांग नीट करून घेतला म्हणतात. "बांधता येनार नाय अशी वस्तूच नाय," असं तो सांगतो. त्याच्या गाडीवरचं न बांधलेलं सामान एकच होतं, ते म्हणजे मी. दर रविवारी तो उमरोळीहून यायचा, बोईसरला मला मागे बसवायचा आणि आम्ही घिवलीला सासुरवाडीत जेवायला जायचो. बायका आधीच पुढे गेलेल्या असत. वाटेत तो वांग्याच्या किडीपासून सरकारपर्यंत सगळं बोलायचा, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला मान वळवून ओरडायचा, "साडूभाऊ, धरा हां!" आठवडाभर कारखान्यात माझी एवढी विचारपूस कोणी करत नसे. मला ती सीट फार आवडायची.

मग आमचा मेव्हणा दुबईहून आला. मेव्हणा आम्हा दोघांचा अगदी सारखाच. पण मला त्यानं अत्तराची बाटली दिली आणि साडूला रिमोटवर चालणारा ट्रक. "भावोजी, तुम्हाला कुठं वेळ असतो खेळायला?" असं वर मलाच म्हणाला. ट्रक म्हणजे मुलांचं खेळणं नव्हे. चांगला बोकडाएवढा होता, जेवणाच्या ताटलीएवढी चाकं, आणि घिवलीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत सुटला की कावळे ओरडत उठायचे. हा ट्रक दर रविवारी घिवलीला न्यायचा तर एकच जागा होती. साडूनं गोणपाट अंथरलं, चार पट्ट्या आवळल्या, आणि मी बोईसरच्या कोपऱ्यावर हातात केळ्यांची पिशवी घेऊन उभा असताना माझ्या सीटवर बसून ट्रक आला.

"साडूभाऊ, आजच्या दिवस रिक्षानं या हां," तो म्हणाला. तो आजचा दिवस काही संपेना.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आता ट्रकवर जळता?" मी नाही म्हणालो. पण जळत होतो, चांगलाच जळत होतो. त्याच तिरीमिरीत मी एक जुनी मोटार घेतली. म्हटलं, आता साडू नि ट्रक दोघांनाही घेऊन जाऊ, एसी लावून. तर साडू म्हणाला, "काचेच्या आत मला मळमळतं हो." बरं, मग ट्रक तरी डिकीत दे. त्यालाही नाही! "कोंडल्यासारखं व्हईल त्याला."

तेव्हापासून दर रविवारी पुढे साडू आणि ट्रक, आणि मागे मोटारीत मी एकटा, अशी आमची वरात निघू लागली. नाक्यावर कामगार घोळका करायचे. "भाईसाब, असली है क्या?" साडू छाती काढून म्हणायचा, "असलीच हाय!" एकदा हवालदारानं हात केला तेव्हा मला मनातून गुदगुल्या झाल्या. पण हवालदारानं ट्रकला प्रदक्षिणा घातली, रिमोट मागून घेतला आणि रस्त्याकडेला मनसोक्त चालवला. मी हॉर्न दिला, तर मलाच गाडी बाजूला घ्यायला लावली. सासुरवाडीतही तीच गत. पूर्वी मी पोचलो की सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. आता म्हणायच्या, "जावयबापू, जरा सरका, ट्रकाला सावलीत ठेवू द्या."

हे सगळं मी गिळलं. एक गोष्ट मात्र गिळता येत नव्हती. प्रत्येक स्पीडब्रेकरला साडूची मान मागे वळायची आणि ओठ हलायचे. तो ट्रकशी बोलायचा! मी काचेतून ते बघत गाडी हाकायचो. सीट गेली ती गेली, पण बोलणंही गेलं.

एका रविवारी माझी मोटार गॅरेजमध्ये होती, म्हणून मी रिक्षानं आलो होतो. निघायच्या वेळी सासूबाईंच्या अंगणात साडूनं पट्टी आवळली आणि खाऱ्या वाऱ्यानं पिचलेली ट्यूब फाटकन तुटली. दुसरीही तुटली. सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे इथंच ट्रक." साडूचा चेहरा एवढासा झाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"साडूभाऊ, तुमी बसा मागं, आनि याला मांडीवर घ्या."

अपमान वाटायला हवा होता, पण मी टुणकन बसलो. चाक पोटात रुतत होतं, अँटेना कानात जात होती. गाव सुटलं, पहिला स्पीडब्रेकर आला, साडूची मान वळली.

"साडूभाऊ, धरा हां!"

मला राहवेना. मी विचारलं, "आणि एरवी? ट्रकशी काय बोलता हो दर स्पीडब्रेकरला?"

"ट्रकाशी? ट्रकाला काय कान हायत?" तो म्हणाला. "हेच बोलतो. तोंडाला सवय हाय ना. धरा म्हनून मागं बगतो, तं तुमी नाय. मंग घडीभर बरं नाय वाटत."

मी ट्रक जरा जास्तच घट्ट धरला.

पुढच्या रविवारी साडूनं नव्या ट्यूबच्या पट्ट्या आणल्या. ट्रक पुन्हा माझ्या सीटवर बसला, आणि मी मागून मोटारीत. जळलो, अजूनही जळतो. पण पहिला स्पीडब्रेकर आला, पुढे साडूची मान वळली, ओठ हलले, आणि बंद काचेच्या आत एकट्यानंच मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पकडून म्हणालो, "धरलंय हो."